बिकिनी आणि रोंगेलापचे लोक: रेडिएशननंतर त्यांच्यावर नजर कशी ठेवली, कोणावर ठेवली, कोण सुटलं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कुठलं प्रकरण आहे?

मार्शल आयलंड्स. हवाई आणि ऑस्ट्रेलियाच्या मधे, पॅसिफिकमध्ये विखुरलेली प्रवाळाची बेटं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ मध्ये ती अमेरिकेच्या ताब्यात आली आणि १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेनं तिथं ६७ अणुचाचण्या केल्या, जवळपास सगळ्या बिकिनी आणि एनेवेटक या दोन ठिकाणी. १९४७ पासून ही बेटं युनोनं अमेरिकेकडे विश्वस्त म्हणून सोपवलेली होती, म्हणजे तिथल्या लोकांचं भलं बघायची लेखी जबाबदारी अमेरिकेवरच होती, हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

सगळ्या बेटांवरच्या लोकांना सारखाच त्रास झाला का?

नाही, आणि नेमका इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. चार गावं आहेत असं समजा, आणि चौघांची गोष्ट वेगळी आहे.

बिकिनीच्या १६७ लोकांना मार्च १९४६ मध्येच, म्हणजे पहिल्या बॉम्बच्या आधी हलवलं. एनेवेटकच्या लोकांना डिसेंबर १९४७ मध्ये उजेलांग बेटावर नेलं. हे दोघं स्फोटाच्या वेळी घरी नव्हते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न रेडिएशनचा नव्हताच, पोटाचा होता. बिकिनीवाल्यांना आधी रोंगेरिकला टाकलं, तिथं खायला पुरेना, अक्षरशः उपासमार झाली, मग १९४८ मध्ये क्वाजालेनला धावपट्टीच्या बाजूला तंबूत ठेवलं आणि त्याच वर्षी शेवटी किली नावाच्या बेटावर. किलीला लगूनच नाही, म्हणजे शांत पाण्यात होडी घालून मासे आणायची सोयच नाही, आणि वर्षातले कित्येक महिने समुद्र इतका खवळलेला की बोट लागत नाही. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांना असं बेट देणं म्हणजे काय ते कोकणात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको.

उरलेली दोन म्हणजे रोंगेलाप आणि उट्रिक. यांना १९५४ च्या स्फोटाआधी कोणी हलवलंच नाही, आणि किरणोत्सारी धूळ थेट यांच्या अंगावर पडली.

१ मार्च १९५४ ला काय झालं?

त्या पहाटे बिकिनीवर 'ब्राव्हो' नावाचा हायड्रोजन बॉम्ब उडवला. अंदाज होता ६ मेगाटनचा, निघाला १५ मेगाटन, कारण बॉम्बमधलं लिथियम-७ काही करणार नाही असं शास्त्रज्ञांनी गृहीत धरलेलं आणि त्यानंच भर घातली. प्रवाळाचा अख्खा थर चूर्ण होऊन आभाळात गेला आणि काही तासांनी पूर्वेला दीडशेएक किलोमीटरवरच्या रोंगेलापवर पांढऱ्या भुकटीसारखा पडायला लागला. पोरं त्यात खेळली. पाण्यात, जेवणात, केसात सगळीकडे ती भुकटी. रात्रीपर्यंत खाज, डोळ्यांची आग, उलट्या, नंतरच्या दिवसांत कातडीवर भाजल्यासारखे चट्टे आणि केस गळणं.

रोंगेलापवर तेव्हा ६४ लोक होते आणि जवळच्या आयलिंगिनेवर गेलेले आणखी १८. त्यांना न्यायला जहाज आलं दोन दिवसांनी. उट्रिकच्या दीडशेहून जास्त लोकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी. रोंगेरिकवर हवामानखात्याच्या कामाला असलेले २८ अमेरिकन सैनिक होते, त्यांना मात्र आधी उचललं. जपानी मासेमारी बोट 'लकी ड्रॅगन' वरचे २३ जणही या धुळीत सापडले आणि त्यातले रेडिओ ऑपरेटर आयकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. जगाला हा प्रकार कळला तो मुख्यतः या बोटीमुळे, बेटावरच्या लोकांमुळे नाही.

ऐनवेळी वारा फिरला म्हणून असं झालं ना?

सरकारी उत्तर वर्षानुवर्षं हेच होतं. पण नंतर बाहेर आलेल्या कागदांत दिसतं की आदल्या मध्यरात्रीच्या ब्रीफिंगमध्येच वाऱ्याचे अंदाज बिघडत चाललेत हे सांगितलं गेलं होतं, तरी स्फोट पुढे ढकलला नाही. आता याला मुद्दाम म्हणायचं की बेफिकिरी, यावर वाद चालू आहे. माझं मत बेफिकिरीकडे झुकतं, आणि ती काही कमी गंभीर गोष्ट नाही.

'प्रोजेक्ट ४.१' म्हणजे माणसांवर केलेला प्रयोगच होता का?

प्रोजेक्ट ४.१ हा फॉलआउटमधून (म्हणजे स्फोटानंतर खाली पडणाऱ्या किरणोत्सारी धुळीतून) बीटा-गॅमा किरणांचा मारा बसलेल्या माणसांच्या शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास. डॉ. यूजीन क्रॉनकाइट यांच्या टीमनं स्फोटानंतर आठवड्याभरातच क्वाजालेनला तपासण्या सुरू केल्या. हे सगळं आधीपासून ठरवलं होतं असं बेटावरचे अनेक लोक मानतात. क्लिंटन सरकारनं नेमलेल्या समितीनं १९९५ मध्ये सांगितलं की लोकांना जाणूनबुजून धुळीत ठेवल्याचा पुरावा मिळाला नाही, पण उपचार कुठे संपतो आणि संशोधन कुठे सुरू होतं हे त्या माणसांना कधी नीट सांगितलं गेलं नाही, आणि काहींच्या अंगात क्रोमियम-५१ सारखे ट्रेसर (शरीरात माग काढता यावा म्हणून घालायचे किरणोत्सारी पदार्थ) टोचले गेले ज्यांचा त्यांच्या स्वतःच्या उपचाराशी फारसा संबंध नव्हता.

म्हणजे 'प्रयोग होता का' याला हो-नाही असं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर जरा संशयच घ्या. अपघातानं सापडलेली माणसं, आणि मग सापडलीच आहेत तर अभ्यास करू, असा तो प्रकार.

नजर ठेवायची म्हणजे दरवर्षी काय काय करायचे?

न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन नॅशनल लॅबोरेटरीकडे हे काम गेलं आणि डॉ. रॉबर्ट कोनार्ड यांनी ते १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालवलं. साधारण वर्षातून एकदा डॉक्टरांची टीम जहाजानं यायची. रक्त काढून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मोजायच्या, मुलांची उंची-वजन, हाडांचे एक्सरे, डोळे, कातडी, गळ्यावर हात फिरवून थायरॉइडच्या गाठी शोधायच्या, लघवीचे नमुने घ्यायचे. प्रत्येकाला एक नंबर, त्या नंबरची पाटी धरून फोटो, आणि छापील अहवालात माणूस म्हणजे तो नंबर.

तुलनेसाठी दुसरा गट लागतो, तो कसा धरला बघा. १९५४ मध्ये जे रोंगेलापचे नातेवाईक बाहेरगावी होते त्यांना 'न सापडलेले', म्हणजे अंगावर धूळ न पडलेले म्हणून धरलं. जात एक, खाणं एक, सगळं जुळतं, कागदावर झकास. पण १९५७ मध्ये हे नातेवाईकही सगळ्यांबरोबर त्याच दूषित बेटावर राहायला गेले, तिथलेच नारळ खायला लागले! मग ते न सापडलेले कसे राहिले? थायरॉइडला पहिल्या दोन दिवसांत जो डोस बसला त्याच्या तुलनेला हा गट चालतो, पण नंतरच्या काळातल्या रेडिएशनसाठी तो तुलनेचा गट नाहीच. जुने अहवाल वाचताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

तपासणीच्या यादीत फक्त रोंगेलाप आणि उट्रिकच का? धूळ काय तिथं जाऊन थांबली?

हा खरा प्रश्न. नाही थांबली. आयलुक नावाच्या बेटावर तेव्हा सुमारे ४०० लोक होते, तिथंही फॉलआउट पडल्याचं विमानातून मोजलं गेलं, पण एवढ्या लोकांना हलवायचा खटाटोप नको म्हणून हलवलं नाही. हलवलं नाही म्हणून 'एक्स्पोज्ड' यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणून दरवर्षीची तपासणी नाही, आणि तपासणी नाही म्हणून त्यांच्यात काही आढळलंही नाही. हे चक्र पन्नास वर्षं फिरलं. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटनं २०१० मध्ये सगळ्या बेटांचा हिशोब मांडला तेव्हा फॉलआउट कमी-जास्त प्रमाणात सगळीकडेच पोचला होता असं दिसलं, उत्तरेला भरपूर, दक्षिणेला अगदी थोडा.

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. मोजणाऱ्यांनी मोजलं चांगलं, पण कोणाला मोजायचं हे ठरवलं १९५४ च्या मार्चमध्ये कुठली जहाजं कुठे गेली यावरून.

थायरॉइडच का? रक्ताचा कॅन्सर का नाही?

आयोडीन. बॉम्बमधून किरणोत्सारी आयोडीन निघतं, मुख्यतः आयोडीन-१३१ आणि त्याहून कमी टिकणारे त्याचे भाऊबंद. १३१ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) ८ दिवस, म्हणजे दोन-तीन महिन्यांत खेळ खलास, पण तेवढ्यात शरीर ते साधं आयोडीन समजून थायरॉइडमध्ये साठवतं. लहान मुलांची ग्रंथी इवलीशी, त्यामुळे तेवढ्याच आयोडीनचा डोस मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त बसतो.

आणि लगेच काही दिसत नाही. रोंगेलापमध्ये थायरॉइडची पहिली गाठ सापडली १९६३ मध्ये, नऊ वर्षांनी. त्याआधी काही मुलांची वाढ खुंटलेली दिसत होती, कारण थायरॉइड जळून गेल्यासारखी निकामी झाली होती. मग ऑपरेशनसाठी लोकांना अमेरिकेत न्यायला लागले आणि १९६५ पासून रोंगेलापच्या सापडलेल्या लोकांना थायरॉइडच्या हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. स्फोटाच्या वेळी दहा वर्षांच्या आतल्या रोंगेलापच्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे थायरॉइडचा काहीतरी त्रास झालाच.

उट्रिकला डोस कमी होता, सुरुवातीच्या अंदाजानं रोंगेलापला १७५ रॅड (शरीरात मुरलेल्या रेडिएशनचं माप) तर उट्रिकला १४, म्हणून तिथं तपासणी रोंगेलापइतकी नेमानं होत नसे. सत्तरच्या दशकात तिथंही गाठी निघायला लागल्या तेव्हा डॉक्टर चपापले.

रक्ताचा कॅन्सरही झाला. रोंगेलापचे मॅजिस्ट्रेट जॉन अंजाइन यांचा मुलगा स्फोटाच्या वेळी एक वर्षाचा होता, तो १९७२ मध्ये ल्युकेमियानं गेला. पण लोकसंख्याच इतकी कमी की एका केसवरून आकडेशास्त्र काही बोलू शकत नाही, आणि बापाला आकडेशास्त्राची गरज नव्हती.

परत पाठवलं तेव्हा सेफ आहे म्हणाले होते ना?

दोनदा म्हणाले, दोन्हीदा फसले.

रोंगेलापच्या लोकांना जून १९५७ मध्ये परत नेलं. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी १९५६ मध्ये अणुऊर्जा आयोगाच्या एका मीटिंगमध्ये मेरिल आयझेनबड हे अधिकारी उट्रिकबद्दल (तिथले लोक तोवर परत गेले होते) बोलून गेले की ती जागा जगातली सर्वात दूषित जागा आहे आणि तिथं राहणाऱ्यांचा डेटा मिळणं इंटरेस्टिंग ठरेल, हे लोक पाश्चात्त्य सुसंस्कृत माणसांसारखे राहत नसले तरी उंदरांपेक्षा आपल्याला जवळचे आहेत. हे मिनिट्समध्ये नोंदलेलं आहे, ऐकीव नाही. आणि ब्रूकहेवनच्या त्या काळच्या अहवालात या लोकांच्या तिथं राहण्यामुळे माणसांवरची अत्यंत मोलाची माहिती मिळेल असं चक्क लिहिलं आहे. परतल्यावर वर्षभरात लोकांच्या अंगातलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम अनेक पटींनी वाढलं, ते मोजलंही गेलं, पण लोक तिथंच राहिले.

बिकिनीचं तर १९६८ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जाहीर केलं की परत जा. नवीन घरं बांधली, नारळ लावले, सत्तरच्या दशकात काही कुटुंबं जाऊन राहिली. १९७८ मध्ये मोजलं तर अंगातलं सीझियम वर्षभरात ७५ टक्क्यांनी वाढलेलं. त्या वर्षी १३९ लोकांना पुन्हा बोटीत घालून बाहेर काढलं.

पण अंगात सीझियम येतं कुठून? धूळ तर कधीच धुऊन गेली असेल.

नारळातून. प्रवाळाच्या जमिनीत पोटॅशियम जवळपास नसतंच. सीझियम हे रसायनशास्त्रात पोटॅशियमचं चुलतभावंड, त्यामुळे उपाशी झाड पोटॅशियम समजून सीझियम-१३७ भराभर ओढतं आणि ते शहाळ्याच्या पाण्यात, खोबऱ्यात, नीरफणसात आणि पँडॅनसच्या फळात जातं (पँडॅनस म्हणजे आपल्या केवड्याच्या जातीचं झाड, फक्त तिकडं त्याचं फळ खातात). अमेरिकन शास्त्रज्ञांनी हिशोब करताना लोक नारळ किती खातात याचा अंदाज कमी धरला होता, हे एक कारण. बाहेरून पाठवलेले डबे संपले, की लोक झाडावरचंच खाणार ना.

यावर उपायही निघाला, आणि तो इतका साधा की वाचून हसू येतं. लॉरेन्स लिव्हरमोर लॅबच्या लोकांनी जमिनीत पोटॅशियम क्लोराइड टाकून पाहिलं, आपल्याकडे शेतकरी ज्याला नुसतं 'पोटॅश' म्हणतात तेच पोतं. झाडाला खरं पोटॅशियम मिळालं की ते सीझियम घ्यायचं बरंच कमी करतं, नारळातलं प्रमाण आधीच्या दहा टक्क्यांच्या आसपास येतं.

होल बॉडी काउंटर म्हणजे काय? दुखतं का?

अजिबात नाही. खुर्चीवर किंवा पलंगावर काही मिनिटं गप्प बसायचं, शेजारचा डिटेक्टर तुमच्या अंगातून बाहेर येणारे गॅमा किरण मोजतो. बाहेरचं रेडिएशन मधे येऊ नये म्हणून शिसं किंवा जाड पोलाद लावतात. आपल्याकडे ट्रॉम्बेला बीएआरसीत कर्मचाऱ्यांसाठी अशीच यंत्रं आहेत. मार्शल्समध्ये २००० च्या सुमारास एनेवेटक, रोंगेलाप आणि राजधानी माजुरो इथं कायमची केंद्रं झाली आणि ती चालवायला स्थानिक लोकांनाच शिकवलं, ही चांगली गोष्ट, कारण आपला आकडा आपल्याच माणसाच्या तोंडून कळतो.

यात सीझियम दिसतं, प्लुटोनियम दिसत नाही. त्यासाठी चोवीस तासांची लघवी गोळा करून लॅबला पाठवतात. शिवाय प्रौढ माणसाच्या अंगातलं निम्मं सीझियम तीन-चार महिन्यांत बाहेर पडतं, म्हणजे आजचा आकडा गेल्या काही महिन्यांच्या जेवणाबद्दल सांगतो, १९५४ बद्दल काही नाही. लोकांना वाटतं मशीननं 'ओके' म्हटलं म्हणजे आपण सुटलो, तर तसं नाही.

१९८५ मध्ये रोंगेलाप पुन्हा का रिकामं झालं?

कारण लोकांचा विश्वास संपला. मार्शल्सच्या संसदेतले रोंगेलापचे सिनेटर जेटन अंजाइन यांनी अमेरिकेकडे हलवायची मागणी केली, प्रतिसाद नाही, म्हणून ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेकडे गेले. मे १९८५ मध्ये 'रेनबो वॉरियर' जहाजानं फेऱ्या मारून तीनशेहून जास्त लोक, त्यांची घरं उतरवून पत्रे-लाकडं सगळं, मेजाट्टो बेटावर नेलं. दोनच महिन्यांनी ते जहाज ऑकलंडला फ्रेंच हेरांनी बुडवलं. सरकारी डॉक्टर तेव्हा म्हणत होते एवढी भीती नको, आणि आकड्यांपुरतं बोलायचं तर ते कदाचित फार चूक नसतील, पण तीस वर्षं 'सेफ' ऐकून ऑपरेशनला जाणाऱ्या माणसानं कितव्यांदा ऐकायचं?

विकृत बाळं जन्मली म्हणतात, ते खरं की अफवा?

बायकांनी सांगितलंय. रोंगेलापच्या लिजोन एकनिलांग यांनी १९९५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर साक्ष दिली, स्वतःचे गर्भपात सांगितले, हाडं नसलेल्या जेलीफिशसारख्या बाळांबद्दल सांगितलं. वैद्यकीय अहवालांत सुरुवातीच्या वर्षांत रोंगेलापच्या बायकांत गर्भपात आणि मृत बाळंतपणं जास्त दिसली, पण आकडे लहान म्हणून ठाम निष्कर्ष काढला नाही. जन्मजात व्यंगांची व्यवस्थित नोंदवही कोणी ठेवलीच नव्हती. आणि ज्याची नोंद ठेवली नाही त्याला 'पुरावा नाही' म्हणणं सोपं असतं.

मग एकूण कॅन्सर किती झाले?

२०१० च्या त्या अभ्यासानुसार चाचण्यांच्या काळात तिथं राहणाऱ्या सुमारे २५ हजार लोकांत रेडिएशनमुळे जास्तीचे अंदाजे १७० कॅन्सर, त्यांच्या सगळ्यांच्या आयुष्यभरात मिळून. एकूण कॅन्सरच्या मानानं हा आकडा दीडएक टक्काच भरतो, पण उत्तरेच्या बेटांवर आणि थायरॉइडमध्ये त्याचा वाटा फार मोठा. एका माणसाचा कॅन्सर बॉम्बमुळे की नाही हे कुठलीच टेस्ट सांगू शकत नाही.

भरपाई मिळाली का?

थोडी. मार्शल आयलंड्स आणि अमेरिका यांच्या १९८६ च्या करारात १५ कोटी डॉलरचा फंड ठेवला आणि न्यूक्लिअर क्लेम्स ट्रिब्युनल झालं. ट्रिब्युनलनं शहाणपणा केला, ठराविक आजारांची यादी केली आणि त्यातला आजार तुम्हाला असेल आणि तुम्ही त्या काळात तिथं असाल तर बॉम्बमुळेच झाला असं धरून चालायचं, सिद्ध करायचं ओझं पेशंटवर नाही. वर सांगितलेल्या यादीच्या भानगडीवर याहून चांगलं उत्तर मला तरी सुचत नाही. पण फंड तुटपुंजा. जमिनीसाठी बिकिनीला ५६ कोटी, रोंगेलापला १०० कोटींहून जास्त असे निवाडे दिले, एकूण २०० कोटी डॉलरच्या वर, आणि द्यायला पैसेच नाहीत. कित्येक जण पूर्ण रक्कम मिळायच्या आधी वारले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

आता हे लोक कुठे आहेत, त्यांना शोधतात कसं?

माजुरो, एबये, किली, हवाई, आणि अमेरिकेत आर्कान्सॉमधलं स्प्रिंगडेल, जिथं चिकनच्या कारखान्यांमुळे हजारो मार्शलीज राहतात. १९८६ च्या त्याच करारामुळे त्यांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहता येतं. पण १९९६ च्या कायद्यानं त्यांची मेडिकेड (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) बंद झाली ती डिसेंबर २०२० मध्ये परत सुरू झाली, म्हणजे ज्यांनी बॉम्ब टाकले त्यांच्याच देशात पाव शतक डॉक्टरकडे जायची मारामार. मूळ यादीतल्या रोंगेलाप-उट्रिकवाल्यांसाठी अमेरिकी ऊर्जा खात्याचा वेगळा कार्यक्रम आहे, वर्षाची तपासणी आणि कॅन्सरचा उपचार मिळतो. त्यांची मुलं-नातवंडं मात्र त्या यादीत नाहीत.

रुनिटचा तो काँक्रीटचा घुमट?

एनेवेटकची साफसफाई १९७७ ते १९८० मध्ये हजारो सैनिकांनी केली, दूषित माती तिथल्याच रुनिट बेटावर एका चाचणीच्या खड्ड्यात भरून वर काँक्रीटचं झाकण घातलं. खालून अस्तर नाही, त्यामुळे समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. फोटो घुमटाचे फिरतात, पण लगूनच्या तळाच्या गाळात त्याहून कितीतरी जास्त प्लुटोनियम पडलंय.

भारताचा यात काही संबंध?

आहे, दोन्ही बाजूंनी. ब्राव्होनंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवायच्या 'स्टँडस्टिल' कराराची मागणी केली, अशी मागणी करणाऱ्या पहिल्या नेत्यांपैकी ते एक. आणि २०१४ मध्ये मार्शल आयलंड्सनं नऊ अण्वस्त्रधारी देशांवर हेगला केस टाकली त्यात भारतही होता. त्यामागे परराष्ट्रमंत्री टोनी डिब्रम होते, लहानपणी त्यांनी ब्राव्होचा उजेड स्वतः पाहिला होता. २०१६ मध्ये कोर्टानं भारताविरुद्धची केस ९ विरुद्ध ७ मतांनी अधिकारक्षेत्रावरच फेटाळली.

आज बिकिनीत जाऊन राहता येईल का?

चार दिवस फिरायला, बुडालेल्या युद्धनौकांवर डायव्हिंग करायला लोक जातात, बाहेरचं रेडिएशन तेवढ्यानं काही करत नाही. कायमचं राहायचं तर अडचण तीच, तिथं पिकलेलं खाणं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं नव्वदच्या दशकात सांगितलं की आहे त्या स्थितीत स्थानिक अन्नावर कायमची वस्ती नको, पोटॅश टाकून आणि घरांभोवतीची माती काढून मग बघा. सीझियमचं अर्धायुष्य ३० वर्षं, पाऊसही ते हळूहळू खाली नेतो, त्यामुळे आकडे उतरतायत. पण पुनर्वसनासाठी ठेवलेला फंड २०१७ मध्ये स्थानिक कौन्सिलच्या हाती आला तेव्हा सुमारे ५.९ कोटी डॉलर होता आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत जवळपास रिकामा झाला. पोटॅश कोणाच्या पैशानं टाकायचं हे आता ठरायचं आहे.